चाळीस चित्रं घेऊन रेंजच्या झाडाखाली

आमच्या पहिलीच्या वर्गातला टीव्ही कुणालाही शाब्बास म्हणतो. एका दात्याने तो शाळेला दिला, त्यात लहान मुलांना शब्द शिकवायचं सॉफ्टवेअर आहे. पडद्यावर आंबा येतो, गोड आवाजाची एक बाई विचारते, "हे काय आहे?" तीन सेकंद थांबते आणि म्हणते, "शाब्बास! आंबा." वर्गात कुणी बोललं काय, न बोललं काय, तिला फरक पडत नाही. एकदा मधल्या सुट्टीत टीव्ही चालू राहिला. खिचडी शिजवणाऱ्या मावशी वर्ग झाडून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सर, ती बाई माले बी शाब्बास म्हनस. मी त फक्त झाडू मारी ऱ्हायनू."

मी शहादा तालुक्यातल्या एका गावात पहिली-दुसरीला शिकवतो. हे लिहितोय ते एका प्रवासाबद्दल, आणि तो प्रवास रमिलामुळे घडला. नाव बदललं आहे. तिच्या पाड्याचं नावही लिहीत नाही. तिथे जाण्यासारखं बरंच आहे, पण ज्यांच्याकडे मी गेलो त्यांना पाहुण्यांची हौस किती, हे मी विचारलेलं नाही.

रमिला जूनमध्ये पहिलीत आली. तिचे आईवडील आमच्या गावच्या एका शेतकऱ्याकडे सालदार आहेत. वर्षभराच्या बोलीवर राबतात आणि पपईच्या मळ्यातल्या खोलीत राहतात. रमिला त्याआधी सातपुड्यात आजोबांजवळ वाढली. घरात पावरी बोलतात. जून ते फेब्रुवारी ती रोज शाळेत आली, रोज दुसऱ्या रांगेत बसली आणि एक शब्द बोलली नाही. टीव्हीने तिला आठ महिने शाब्बास म्हटलं.

तिचे वडील गुलाबभाऊ. त्यांना बोलावलं तेव्हा ते म्हणाले, "सर, घर ती भलती बोलस. शाळामा काय व्हस, माले माहीत नही." मग थोडा वेळ टीव्हीकडे बघून म्हणाले, "होळीले आम्ही गावले जाऊत. तिले तठेच ठेवी येसू. अठे बठीबठी काय करी ती?"

ते रागावून बोलत नव्हते. वर पाड्यावर शाळा दोन टेकड्या ओलांडून आहे, आजोबांचे गुडघे दुखतात, शेळ्यांमागे कुणीतरी हवंच होतं. न बोलणाऱ्या मुलीला शेळ्यांमागे अडचण येत नाही. एकदा तिकडे राहिली की ती शाळेकडे वळणार नाही, हे मला दिसत होतं. होळीला तीन आठवडे होते.

मी स्वतः पहिलीत गेलो तेव्हा घरी सगळं अहिराणीतलं 'शे' होतं आणि शाळेत 'आहे'. मीही काही महिने गप्प होतो असं आई सांगायची. टीव्ही नसल्यामुळे मला कुणी शाब्बास म्हटलं नाही.

उपाय वैशाली मॅडमनी सुचवला. त्या तिसरी-चौथीला शिकवतात, वयाने माझ्या निम्म्या, आणि शाळेतली कुठलीही वायर त्यांना ओळखते. म्हणाल्या, "सर, त्या सॉफ्टवेअरमध्ये आपला आवाज भरता येतो. चित्र तेच, आधी पावरी शब्द, मग मराठी. घरचा शब्द ऐकला की तोंड उघडेल." त्यांनी चाळीस चित्रं छापून दिली. शेळी, कोंबडी, आंबा, घर, आगगाडी वगैरे. आवाज गुलाबभाऊंनी द्यावा असं ठरलं. ते माइकसमोर बसले, दोनदा खाकरले आणि म्हणाले, "मन्ही बोलीमा आते समदं मिसळी गयं. ती जेन्हासंगे बोलस ना सर, तो मन्हा बाप शे. तेले विचारा."

म्हणून जायचं ठरलं. आदल्या गुरुवारी सारंगखेड्याला दत्ताच्या दर्शनाला गेलो होतो, तिथे सांगून आलो. परवानगी मिळाली की नाही ते कळलं नाही. मी ती धरून चाललो.

शनिवार

शनिवारी सकाळची शाळा असते. साडेअकराला शाळा सुटली, मी मोटरसायकल काढली, गुलाबभाऊ मागे बसले. पिशवीत चित्रं, फोन, पॉवर बँक, कॉलरला लावायचा छोटा माइक. मॅडमनी बजावलं होतं, "एक शब्द, मग थांबा, मग दुसरा. मागे आवाज नको."

म्हसावदला पेट्रोल भरून घ्यावं. पुढे मिळतं, पण मिळेल की नाही याचा विचार करत घाट चढण्यात मजा नाही. चहा दहा रुपये. टपरीवाला ओळखीचा निघाला.

"कथा निंघनात गुरुजी?"

"धडगावकडे."

"बदली व्हयनी का?"

"नही."

"मंग कसाले?"

माझ्या आधी गुलाबभाऊच बोलले, "बकरीन्हा फोटो दखाडाले."

टपरीवाल्याने गाळणीतून चहा पूर्ण गाळला, मग विचारलं, "तठे बकऱ्या नहीत का?"

या प्रश्नावर मी पुढचे वीस किलोमीटर विचार केला.

म्हसावद सोडलं की केळी-पपईची हिरवळ मागे पडते आणि सातपुडा समोर उभा राहतो. फेब्रुवारीत डोंगर तपकिरी असतात, मधूनच पळस पेटलेला. रस्ता बराच चांगला आहे, जिथे नाही तिथे अजिबात नाही. घाटात मी दत्ताचं नाव घेतो, जुनी सवय. एका वळणावर मागून आवाज आला, "सर, काय म्हनी ऱ्हायनात?"

"काही नाही."

"गाडी बिघडनी का?"

धडगावला दीडच्या पुढे पोहोचलो. बसस्टँडजवळ ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, वर तिखटाची चटणी. शंभराच्या आत एकाचं पोट भरतं. पाणी सोबत ठेवावं. तिथून पुढे अर्धा तास गाडी जाते. नंतर रस्ता एका किराणा दुकानाशी संपतो. गाडी दुकानदाराकडे ठेवली आणि तासभर चाललो. चपला घालून जाऊ नये. मी घालून गेलो होतो.

तिथे गाव म्हणजे घरांची रांग नाही. प्रत्येक घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकडीवर. बांबूच्या भिंती, वर कौलं. गुलाबभाऊंनी लांबून हाक मारली. अंगणात बसलेल्या म्हाताऱ्याने वर पाहिलं, उठून आत गेला आणि खाट घेऊन बाहेर आला. हेच आजोबा.

आम्हाला पाणी मिळालं. मग आम्ही बसलो. कुणी काही बोललं नाही. का आलात, किती वाजता निघालात, हा शिक्षक कोण, काही विचारलं नाही. मी तीनदा पिशवीकडे हात नेला आणि गुलाबभाऊंनी तीनदा तो हळूच दाबून धरला. एक शेळी आली, माझ्या चपलेचा पट्टा चावून गेली. अंदाजे अर्ध्या तासाने आजोबांनी एक वाक्य उच्चारलं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"इचारस, पोर कशी शे."

मग मी सगळं सांगितलं, गुलाबभाऊंनी ते पावरीत सांगितलं, आणि चित्रं निघाली. पहिलं चित्र शेळीचं. ती दोन पायांवर उभी राहून हसत होती. आजोबांनी ते उजेडात धरलं, उलटं करून मागचा कोरा कागद पाहिला आणि विचारलं, ही कुणाची?

"कुणाची नाही, बाबा. चित्र आहे. हिला तुम्ही काय म्हणता, तेवढं सांगा."

त्यांनी पुन्हा बघितलं. गुलाबभाऊंनी भाषांतर केलं, "म्हनस, ही आजारी शे."

कोंबडीचं चित्र बघून त्यांनी अंगणातल्या कोंबडीकडे बोट दाखवलं. घराच्या चित्राला ते काहीच म्हणाले नाहीत, फक्त त्याचं छप्पर कुणी शाकारलं असावं याबद्दल वाईट मत नोंदवलं. आगगाडी त्यांनी बाजूला ठेवली. चाळीसपैकी तेरा चित्रं झाली आणि माझ्याकडे एकही शब्द जमा झाला नाही. शेवटी मी माइक त्यांच्या बंडीला लावला, फोन समोर धरला आणि म्हटलं, "बरं बाबा, काहीही बोला. रमिला ऐकेल."

त्यांनी फोनकडे बघून मान हलवली.

"म्हनस, अठे लागत नही."

"काय लागत नाही?"

"फोन. रेंज नही ना सर. वर झाडखाले लागस."

मी समजावलं की हे रेकॉर्डिंग आहे, याला रेंज लागत नाही. गुलाबभाऊंनी ते भाषांतर केलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांनाही ते फारसं पटलेलं दिसलं नाही. आजोबा म्हणाले, उद्या सकाळी वर जाऊ.

रात्री मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ होती. पोटभर जेवलो आणि खाटेवर झोपलो. आकाशाबद्दल लिहायला हवं, पण मी लगेच झोपलो.

रविवार

रेंजचं झाड म्हणजे घरामागच्या टेकडीवरचं एक मोहाचं झाड. बुंध्याशी एक सपाट दगड आहे, तो बसून गुळगुळीत झालेला. फोन करायचा तर सगळा पाडा इथे येतो. आजोबांचे गुडघे दुखतात, तरी ते माझ्या आधी पोहोचले. दगडावर बसले, फोन दोन्ही हातांत कानाशी धरला. मी रेकॉर्डिंग सुरू केलं.

ते म्हणाले, "रमिला."

आणि थांबले.

वारा होता. खाली कुठेतरी घंटा वाजत होती. मी बोटांवर सेकंद मोजले, दहाच्या पुढे बोटं संपली. मग त्यांनी काहीतरी विचारलं. पुन्हा थांबले. डोळे समोरच्या डोंगरावर, कान फोनला. पुन्हा एक प्रश्न. पुन्हा वारा.

मी गुलाबभाऊंना कुजबुजत म्हटलं, "त्यांना सांगा ना, ती आत्ता ऐकत नाहीये. पलीकडे कुणी नाही."

गुलाबभाऊंनी सांगितलं. आजोबांनी फोन कानावरून न काढता उत्तर दिलं.

"म्हनस, जवय ऐकी तवय बोली ना ती. तेले जागा नको का?"

जेव्हा ऐकेल तेव्हा बोलेल. तिच्या बोलण्याला जागा नको का.

मागून कळलं की त्या झाडाखाली आवाज उशिरा पोहोचतो. आपण बोललो की पलीकडून उत्तर यायला बराच वेळ जातो, मध्ये बोललं तर दोन्हीकडचं तुटतं. म्हणून तिथे सगळेच असं बोलतात. एक वाक्य, मग वाट. आजोबांना फोनवर बोलायची दुसरी पद्धत माहीतच नव्हती.

त्यांनी काय विचारलं ते गुलाबभाऊंनी उतरताना सांगितलं. जेवलीस का. काय जेवलीस. तुझा मास्तर मारतो का. (हे विचारताना मी शेजारी बसलो होतो.) मग शाळेबद्दल, मळ्याबद्दल आणखी बरंच. लांड्या शेळीला दोन पिल्लं झाली, एक काळं, एक पिवळट. नावं ठेवायची आहेत. घरातल्या शेळ्यांना नावं रमिलाच ठेवायची, ती गेल्यापासूनची पिल्लं बिननावाची आहेत. शेवटचा प्रश्न तोच होता: काय नाव ठेवू?

त्यानंतर ते इतका वेळ थांबले की मला वाटलं, झालं. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो मागे घेतला.

आम्ही निघताना आजोबांनी एकच चित्र ठेवून घेतलं. आजारी शेळीचं.

मी संध्याकाळी घरी पोहोचलो. एकूण खर्च, पेट्रोल, चहा, जेवण आणि नवीन चप्पल धरून, हजाराच्या आसपास. जमा: सतरा मिनिटांचं रेकॉर्डिंग, त्यात शब्दसंग्रह शून्य.

सोमवार

वैशाली मॅडमनी फोन संगणकाला जोडला आणि आवाजाची आडवी रेघ बघितली. ती बहुतेक ठिकाणी सपाट होती.

"सर, यात अकरा मिनिटं नुसता वारा आहे."

"हो."

"आणि शेळीचा शब्द?"

"शेळी आजारी आहे म्हणाले."

मॅडमनी ती रेघ पुन्हा एकदा पुढे-मागे सरकवली. मग म्हणाल्या, "मधलं रिकामं कापून देते. दोन मिनिटांचं काम. सहा मिनिटांत आटोपशीर होईल." त्यांचं बरोबर होतं. टीव्हीवरची बाई तीन सेकंद थांबते, मुलांचं लक्ष त्याहून जास्त टिकत नाही असं आम्हाला प्रशिक्षणातही सांगितलं होतं. पण तेवढ्यात प्रार्थनेची घंटा झाली. मी म्हटलं, आधी एकदा तसंच लावू. गुलाबभाऊंनी आपल्या फोनवर झाडाखाली काढून मला पाठवलेला आजोबांचा फोटो पडद्यावर लावला. ते दगडावर बसलेले, कानाला माझा फोन.

वर्गात एकोणीस मुलं. रमिला दुसऱ्या रांगेत. फोटो आला तेव्हा तिने मान पुढे काढली. टीव्हीतून आवाज आला, "रमिला."

मग वारा.

सगळ्या मुलांनी वळून तिच्याकडे बघितलं. तिने पाटीकडे बघितलं. आजोबांनी पहिला प्रश्न विचारला. वारा. दुसरा प्रश्न. वारा. एका मुलाने जांभई दिली. माझा हात रिमोटवर होता. मी मनात दत्ताला म्हणालो की मला फार काही नको, आणि काय नको ते पुढे सुचलं नाही.

तिसऱ्या प्रश्नाच्या वाऱ्यात, बराच उशिरा, एक बारीक आवाज आला. मला आधी वाटलं टीव्हीतूनच आला. ती पाटीकडे बघतच बोलत होती.

पहिल्या रांगेतला एक जण ओरडला, "सर, ती बोलनी!"

त्याच्या शेजारचीने त्याच्या पाठीत धपाटा घातला, "गप बठ ना! आजोबा ऐकी ऱ्हायनात."

चौथ्या प्रश्नाला ती उठून उभी राहिली. पाचव्याला टीव्हीपाशी गेली. त्यानंतर प्रश्न छोटे आणि उत्तरं मोठी होत गेली. ती हात हलवत होती, दाराकडे, फळ्याकडे, एकदा माझ्याकडे बोट करत होती. मी फोन काढला आणि तिचं बोलणं रेकॉर्ड करू लागलो. मला एक अक्षर कळत नव्हतं. शेवटच्या प्रश्नानंतर आजोबा जितका वेळ थांबले होते, तितका वेळ ती विचार करत उभी राहिली. मग तिने उत्तर दिलं. त्यातले दोन शब्द मला ओळखीचे वाटले: फळा आणि खिचडी.

ती जागेवर जाऊन बसली. टीव्ही शाब्बास म्हणाला नाही.

वैशाली मॅडम दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कापलं असतं मी." आणि आपल्या वर्गावर गेल्या.

संध्याकाळी मी मळ्यावर गेलो. गुलाबभाऊ पपईच्या क्रेटवर बसून ऐकू लागले. मध्ये दोनदा हसले. जेवले म्हणाली, खिचडीत मीठ कमी असतं म्हणाली. मास्तर मारत नाही, पण गाणं वाईट म्हणतो. शाळेत एक बाई पेटीत राहते, ती सगळ्यांना सारखंच म्हणते, म्हणून तिला उत्तर देत नाही.

"आणि फळा? खिचडी?"

गुलाबभाऊंनी डोळे पुसले. हसून की कशाने, ते मी पाहिलं नाही. "पिल्लूस्ना नावं शेतस सर. काळाले फळा. पिवळाले खिचडी."

आठ महिने तिने दोन शब्द तरी घेतले होते. मागायला कुणी थांबलं नव्हतं.

नंतर

होळीला ते सगळे गावी गेले. माझ्या फोनमधलं रमिलाचं उत्तर गुलाबभाऊंच्या फोनमध्ये घालून दिलं. रमिलाला परत आणाल का, हे मी विचारलं नाही. निरोपाच्या वेळी असा प्रश्न विचारला की माणूस हो म्हणतो. होळीनंतर शाळा भरली. पहिल्या दिवशी दुसऱ्या रांगेत जागा रिकामी. दुसऱ्या दिवशी रिकामी. तिसऱ्या दिवशी मी हजेरीत तिचं नाव घेतलं आणि उगीच थोडं थांबलो. मुलांना वाटलं मी पुढचं नाव विसरलो.

पाचव्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी गुलाबभाऊ फाटकात उभे, आणि त्यांच्या मागून कानात नवीन डूल घालून रमिला.

"ठेवी येनार व्हतात ना?" मी विचारलं.

"बाप म्हने, हिले परत ली जा. हाई अठेच ऱ्हायनी, त मी झाडखाले कोनसंगे बोलू?" मग त्यांनी फोन पुढे केला. "आनि हाई तेन्हं उत्तर. बावीस मिनिटं शे."

त्यातही निम्म्याहून जास्त वारा आहे. दर शनिवारी आम्ही थोडं थोडं लावतो. मुलांना आता फळा आणि खिचडी किती वाढले ते माहीत असतं. रमिला सांगते तेव्हा बाकीचे तिच्याकडून पावरी शब्द घेतात आणि तिला मराठी देतात. वैशाली मॅडमनी चाळीस चित्रांचं काम मुलांवरच सोपवलं आहे, आवाजही त्यांचेच. त्यात शेळीच्या चित्राला रमिला पावरीत म्हणते, ही आजारी आहे.

कुणा शिक्षकाला असा प्रवास करायचा असेल तर शनिवारी निघावं, बूट घालावेत, माइक न्यावा. चित्रं नेली नाहीत तरी चालतील.

टीव्हीवरच्या बाईला थांबायला शिकवता येतं, हे मॅडमना सेटिंगमध्ये सापडलं. आकडा असतो, तीनाचा दहा करायचा. इतकी वर्षं तो तिथेच होता. माझ्यासाठी तशी सोय नाही, म्हणून मी प्रश्न विचारला की मनात मोजतो. सहा-सातपर्यंत वर्गात काही होत नाही. हात आपोआप खडूकडे जातो, तो खिशात ठेवावा लागतो. आठ किंवा नऊला कुणीतरी बोलतं.

परवा गुरुवारी सारंगखेड्याला गेलो तेव्हा जे विचारायचं होतं ते विचारलं आणि नेहमीसारखा लगेच निघालो नाही. दहाच्याही पुढे मोजत बसलो. मागे रांग होती. कुणी काही म्हणालं नाही.